टॉकीजमधला समाज आणि घरातला टीव्ही : आपल्या पाहण्याचा इतिहास

चळवळीत माध्यमांबद्दल बोलताना आपण एक सवयीची चूक करतो. चित्रपट, टीव्ही, मालिका, बातम्या हे सगळे "मीडिया" नावाच्या एकाच पोत्यात भरतो आणि मग एकच प्रश्न विचारतो : पडद्यावर आपण आहोत की नाही? हा प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण तो अर्धा प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा, की पडद्यासमोर आपण कसे बसलो आहोत? एकटे की समूहाने? कोणाच्या घरात? आणि समोर दिसले त्याला उत्तर देण्याची सोय आपल्याकडे आहे का?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. चित्रपट आपल्याला घराबाहेर बोलावतो, तर टीव्ही आपल्या घरात येऊन राहतो. टॉकीजमध्ये प्रेक्षक एकमेकांना दिसतात, एकमेकांचे ऐकतात. टीव्हीसमोरची कोट्यवधी माणसे एकाच वेळी तेच पाहतात, पण एकमेकांना दिसत नाहीत. जातीने तुकडे केलेल्या समाजात हा फरक केवळ तंत्राचा राहत नाही, तो राजकीय होतो. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या विरोधातला सांस्कृतिक डाव टीव्हीवर कसा मांडला गेला आणि आपण त्याला उत्तर कुठे दिले, हे तपासले तर हे लख्ख दिसते.

तिकिटाला जात नव्हती, पण

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. भारतीय चित्रपटाचा आरंभ तिथून मोजतात. हरिश्चंद्राच्या कथेत राजाच्या दुःखाची परमावधी कोणती? तर त्याला डोंबाच्या हाताखाली स्मशानात राबावे लागते, ही. ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणेच ते होते, त्यांचे जगणे इथे राजाची शिक्षा म्हणून येते. म्हणजे पडद्यावरची गोष्ट पहिल्या दिवसापासून ब्राह्मणी होती, याबद्दल वाद नको.

मात्र पडद्यासमोर काहीतरी नवे घडत होते. देवळात प्रवेश नाही, पाणवठ्यावर प्रवेश नाही, शाळेत वेगळे बसवतात, अशा काळात टॉकीजच्या खिडकीवर पैसे दिले की तिकीट मिळत होते. श्रीलंकेचे तमिळ अभ्यासक कार्तिगेसू शिवतंबी यांनी तमिळ समाजाबद्दल लिहिले आहे, की सगळे तमिळ एका छपराखाली बसून काही पाहू लागले ते सिनेमा थिएटरमुळे. महाराष्ट्रातही आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला गिरणगावातले स्वस्त दरांचे खेळ आणि जत्रेतले तंबू थिएटर माहीत होते. तंबूत तर जमिनीवरच बसायचे. शेजारी कोण बसला आहे हे अंधारात विचारता येत नव्हते.

याचा अर्थ टॉकीज समतेचे मंदिर होते, असा नाही. तिथे जातीच्या जागी पैशाची उतरंड होती. पुढचे बाक स्वस्त, बाल्कनी महाग. जातीची आणि पैशाची उतरंड आपल्याकडे किती जवळून चालते, हे वेगळे सांगायला नको. शिवाय थिएटर हा मुख्यतः पुरुषांचा अड्डा होता. बायकांना तिथे जायला सोबत लागे, परवानगी लागे, मोकळा वेळ लागे. तरीही एक गोष्ट खरी, की टॉकीजमध्ये प्रेक्षक हा जमाव असतो. तो शिट्टी वाजवतो, टाळी देतो, कंटाळला तर ओरडतो, अपमान झाला तर उठून जातो. चित्रपटाला उत्तर देणारा समूह चित्रपटाच्या समोरच हजर असतो.

बाबासाहेबांना माध्यमाच्या मालकीचे महत्त्व पुरेपूर कळले होते. १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. आपले म्हणणे आपल्याच छापखान्यातून निघाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. चित्रपटाकडेही त्यांनी पाठ फिरवली नाही. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटाचा मुहूर्त जानेवारी १९५४ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाला आणि पुढे त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. ज्या फुल्यांना बाबासाहेबांनी गुरू मानले, ते पडद्यावर येत होते. पण असा चित्रपट लागतो, उतरतो आणि संपतो. त्याचे वर्षभर चालणारे नाते प्रेक्षकाशी नसते. ही चित्रपटाची ताकदही आहे आणि मर्यादाही.

टीव्ही कोणाच्या घरात आला?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'छायागीत' ही नावे आपल्या आईवडिलांच्या तोंडून आपण ऐकली आहेत. पण त्या आठवणींत एक तपशील दडलेला असतो. सुरुवातीला टीव्ही सगळ्यांकडे नव्हता. चाळीत एखाद्याकडे, गावात सावकाराकडे, पाटलाकडे, मास्तरांकडे. बाकीचे त्यांच्या घरी पाहायला जात. आणि मग प्रश्न येई तो उंबरठ्याचा. कोण आत सतरंजीवर बसणार, कोण दारात उभा राहणार, कोण खिडकीच्या गजांतून पाहणार?

टॉकीजच्या दारात तिकीट विचारत. टीव्हीच्या दारात घरमालक असतो. सरकारलाही ही अडचण माहीत असावी. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोहोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा संच खासगी घरांत नव्हे तर सार्वजनिक जागी ठेवले गेले. परंतु आपल्या गावगाड्यात "सार्वजनिक" जागाही वस्तीपासून किती दूर असते, हे महाडच्या चवदार तळ्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना कोणी शिकवायला नको. ते तळेही सार्वजनिकच होते.

पुढे टीव्ही स्वस्त झाला आणि आपल्याही घरात आला. आता कोणाच्या दारात उभे राहायची गरज उरली नाही. स्वाभिमानाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती, विशेषतः आपल्या आया-बहिणींसाठी. टॉकीज ज्यांना कधी मिळाले नाही, त्यांना स्वयंपाक करता करता जग दिसू लागले. पण याच क्षणी दुसरी गोष्ट घडली. उत्तर देणारा जमाव विरघळला.

ब्रिटिश अभ्यासक जॉन एलिस यांनी १९८२ मध्ये मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. चित्रपट रोखून पाहिला जातो. टीव्हीवर येताजाता नजर टाकली जाते. रेमंड विल्यम्स यांनी त्याआधी, १९७४ मध्ये, टीव्हीला 'प्रवाह' म्हटले होते. कार्यक्रम, जाहिरात, बातमी, पुन्हा कार्यक्रम, असे ते सलग वाहत राहते. त्यात नेमके कुठे काय सुरू झाले आणि कुठे संपले हे कळत नाही. यावरून कोणी म्हणेल, की मग टीव्हीचा परिणाम उथळ असणार. आपला अनुभव उलटा आहे. जे रोखून पाहतो त्याबद्दल माणूस सावध असतो, त्यावर मत बनवतो. जे रोज जेवताना समोर चालू असते, ते घरातल्या फर्निचरसारखे होऊन जाते. त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. आणि ज्याच्याशी वाद होत नाही, तोच संस्कार होतो.

संतोषी माता आणि रामायण

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' हा कमी पैशांत काढलेला चित्रपट तुफान चालला. लोक थिएटरबाहेर चपला काढत, पडद्यावर नाणी उधळत, आरती करत. थिएटरचे देऊळ झाले. पण खेळ संपला की लोक चपला घालून घरी जात. नंतर शुक्रवारचे उपवास वाढले हे खरे, पण ज्याला तो चित्रपट पाहायचा नव्हता त्याच्या घरात संतोषी माता स्वतःहून शिरत नव्हती.

२५ जानेवारी १९८७, रविवार. रामानंद सागर यांचे 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झाले ते ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. लोक अंघोळ करून टीव्हीसमोर बसत, संचाला हार घालत, उदबत्ती लावत. चपला काढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आता देऊळ घरातच होते. आणि त्या काळात टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन होते, तेही सरकारचे. म्हणजे धर्मनिरपेक्ष संविधान स्वीकारलेल्या राज्याच्या पैशाने आणि यंत्रणेने एका धर्माची कथा देशातल्या प्रत्येक संचावर आठवड्याला पाठवली जात होती. ती न पाहण्याचा एकच मार्ग होता, टीव्ही बंद करणे.

आता हे आपल्या घरांच्या बाजूने बघा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक राम-कृष्णांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. त्या प्रतिज्ञेने आपल्या वडीलधाऱ्यांनी घरातले देव्हारे काढले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लावले. एकतीस वर्षांनी त्याच भिंतीखालच्या टेबलावर टीव्ही आला आणि त्या टीव्हीत राम आला. कोणी धर्मांतर करा म्हणाले नाही. कोणी प्रतिज्ञा मोडा म्हणाले नाही. फक्त रविवार सकाळची सवय लागली. लहान मुले बाण करून खेळू लागली. आपल्या कितीतरी घरांत पालकांनी विचार केला असेल, गोष्टच तर आहे, पाहू दे पोरांना. टीव्हीचे प्रेक्षकाशी नाते असे असते. तो वैचारिक चर्चेला येतच नाही. येतो तो पाहुणा म्हणून, आणि पाहुण्याला आपल्याकडे हाकलत नाहीत.

त्याच वर्षी 'रिडल्स'

या योगायोगाकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. रामायण मालिका सुरू असतानाच, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होते आणि परिशिष्टात राम-कृष्णांविषयीचे प्रकरण होते. त्यावर गदारोळ उठला. मराठा महासंघाने प्रती जाळल्या, शिवसेनेने विरोध केला, प्रकरण वगळण्याची मागणी झाली, आणि शंकरराव चव्हाण यांचे सरकार कचरू लागले.

त्यावर आपल्या समाजाचे उत्तर काय होते? ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत निघालेला प्रचंड मोर्चा. एरवी गटागटांत विखुरलेले नेते आणि कार्यकर्ते त्या दिवशी एका रस्त्यावर आले. शेवटी ते प्रकरण कायम राहिले; शासन त्यातील मतांशी सहमत असेलच असे नाही, अशा अर्थाची टीप तेवढी जोडली गेली.

तो दिवस शुक्रवार होता. दोन दिवसांनी रविवार आला, आणि रविवार म्हणजे टीव्हीवर राम.

पुस्तकाचा प्रश्न रस्त्यावर होता, म्हणून आपण तो लढलो आणि राखला. रामाचे प्रकरण छापले जावे यासाठी लाखो पायांनी मुंबई तुडवली. पण त्याच रामाची मालिका घराघरांत चालू होती, तिच्यासमोर मोर्चा कसा काढणार? सोफ्यावर मोर्चा निघत नाही. ज्या प्रश्नांची उत्तरे बाबासाहेबांनी अभ्यासाने शोधली, ते प्रश्न विचारायलाच नकोत असे वातावरण त्या रविवारांनी तयार केले. अरविंद राजगोपाल यांनी 'पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन' या २००१ च्या ग्रंथात रामायण मालिका आणि हिंदुत्वाच्या राजकारणाचा उदय यांचा संबंध तपशिलाने मांडला आहे. मालिकेने मते दिली, इतका सोपा हिशोब तो नाही. मालिकेने एक समान वेळ, समान प्रतिमा आणि समान भावना तयार केली. राजकारणाने ती उचलली. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत मालिकेतली सीता दीपिका चिखलिया आणि रावण अरविंद त्रिवेदी हे दोघेही भाजपच्या तिकिटावर निवडून आले. टीव्हीच्या नात्याची गंमत बघा : रावणालाही मते मिळतात, कारण तोही रविवारी घरी येणारा ओळखीचा माणूस असतो!

मालिकेला उत्तर दिल्याचे एक ठळक उदाहरण पंजाबात घडले. १९८८ मध्ये जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. मागणी कोणती? मालिका इथे संपवू नका, वाल्मीकी आणि लव-कुशाचा भाग दाखवा. वाल्मीकी समाजाचा हा संप दखलपात्र ठरला आणि पुढे तो भाग आलाही. कामगारांच्या सामूहिक ताकदीला सलाम. पण त्यातला सल लक्षात घ्या. टीव्हीने प्रश्नच असा ठेवला होता, की आपल्या अस्मितेचे उत्तरही रामायणाच्या आतच मागावे लागले. चौकट तीच राहिली, फक्त त्यात आपला कोपरा मागितला गेला.

रमाबाई नगर आणि खैरलांजी

बातम्यांच्या टीव्हीबद्दलही हेच तपासावे लागते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन पुढे आले आणि त्यासाठी व्हिडिओ चित्रणाचा आधार घेण्यात आला. टीव्हीवरचे चित्र काही सेकंद येते आणि जाते. ते कधीचे, कुठून घेतलेले, आधी काय झाले, नंतर काय झाले, हे विचारायला प्रेक्षकाला वेळ मिळत नाही. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला.

आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रीकरण करून २०११ मध्ये पूर्ण केलेल्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये तेच चित्रण थांबवून तपासले आहे. टँकर कुठे होते, लोक कुठे होते, गोळ्या कुठे लागल्या. चित्रपट असा थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, कारण त्याला प्रेक्षकाने पूर्ण वेळ दिलेला असतो. आणि हा माहितीपट वस्त्यांमधून, उघड्यावर पडदा लावून, शेकडो लोकांना एकत्र बसवून दाखवला गेला. पाहणे संपले की चर्चा सुरू. विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून शाहिरांच्या गाण्यांपर्यंत सगळे लोकांसमोर, लोकांमध्ये. याच दिग्दर्शकाला 'राम के नाम' दूरदर्शनवर दाखवला जावा म्हणून न्यायालयात जावे लागले होते. रामायणाला रविवारची सकाळ आपोआप मिळाली. रामाच्या नावावर चाललेल्या राजकारणाची चौकशी करणाऱ्या चित्रपटाला कोर्टाची पायरी चढावी लागली.

२००६ पर्यंत तर चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्यांची रांग लागली होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओंना ती बातमी वाटायला जवळजवळ महिना लागला. तीही वाटली ती लोक रस्त्यावर उतरल्यावर, आणि तेव्हा पडद्यावर दिसली ती दगडफेक आणि जाळपोळ. प्रवाहात वाहणाऱ्या टीव्हीला घटना दिसते, कारण दिसत नाही.

चित्रपटातले बाबासाहेब, मालिकेतले बाबासाहेब

आता दुसरी बाजू, कारण टीव्हीला नुसती नावे ठेवून भागणार नाही. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा मामुट्टी यांची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट २००० मध्ये आला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, अभिनयाचे कौतुक झाले. पण चित्रपट मुळात इंग्रजीत होता आणि मोजक्या थिएटरांत लागला. ज्या समाजाचा तो नायक, त्या समाजातल्या बहुतेकांनी तो टॉकीजमध्ये नव्हे, तर नंतर टीव्हीवर, सीडीवर किंवा जयंतीच्या मंडपात पाहिला.

१८ मे २०१९, बुद्ध पौर्णिमा. त्या दिवशी स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत चालली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब साकारले, शिवानी रांगोळे यांनी रमाई. तीन तासांच्या चित्रपटात रमाईच्या वाट्याला काही मिनिटे येतात. मालिकेत ती दीड वर्ष घरात राहिली.

आमच्या कळंबोलीत या मालिकेचे काम मी जवळून पाहिले. सिडकोने वसवलेली ही वसाहत, एका बाजूला लोखंड बाजार, दुसऱ्या बाजूला तळोज्याची एमआयडीसी. माथाडी, ट्रकवाले, कंपनीतले कंत्राटी कामगार. मराठवाडा, विदर्भ, सातारा-सांगलीकडून आलेली कुटुंबे. सिडकोची घरे एका-दोन खोल्यांची आणि भिंतीला भिंत लागून. एका घरातला टीव्ही तीन घरांत ऐकू येतो. ज्या घरांत १४ एप्रिलला कोणी डोकावत नाही, त्या घरांतूनही संध्याकाळी त्या मालिकेचे आवाज येत होते. ज्या आजींनी कधी बाबासाहेबांचे पुस्तक हातात घेतले नव्हते, त्या रमाईच्या गोवऱ्यांवर बोलत होत्या. विहारात न येणाऱ्या सुना मालिकेबद्दल विचारत होत्या. भाषणाने जे दार उघडत नाही, ते मालिकेने उघडले. हे टीव्हीच्याच नात्यामुळे झाले : रोज येणारा माणूस परका राहत नाही.

पण त्याच नात्याची किंमतही होती. मालिका रोज चालवायची तर रोज एक भावनिक प्रसंग लागतो. त्यामुळे बाबासाहेब अपमान सोसणारे, आईवडिलांवर माया करणारे, पत्नीच्या दुःखाने व्याकूळ होणारे म्हणून जितके ठसतात, तितके 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिणारे, हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणारे, मजूर पक्ष काढणारे म्हणून ठसत नाहीत. टीव्ही क्रांतिकारकाला घरचा माणूस करतो. घरच्या माणसावर प्रेम करतात. त्याचे ऐकतातच असे नाही. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरणे थांबून मालिकेचे नवे भाग बंद पडले, तेव्हा दूरदर्शनने २८ मार्चपासून पुन्हा काय लावले? 'रामायण'. तेहेतीस वर्षांनी तीच खेळी, आणि या वेळी तर लोक घराबाहेरही पडू शकत नव्हते.

"मग टॉकीजच बरे का?"

कोणी म्हणेल, तुम्ही टॉकीजच्या जमावाला डोक्यावर घेता. पण तो जमाव तरी कुठे जातिमुक्त असतो? प्रश्न रास्त आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. महाराष्ट्रभर पोरे पडद्यासमोर नाचली. सगळ्या जातींची. शेवटी पडद्यावरचा आवाज गेला आणि थिएटरही गप्प झाले. पण त्याच वर्षी ऑगस्टपासून निघालेल्या मराठा मोर्चांत ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी होती. म्हणजे एकत्र नाचणे म्हणजे एकत्र येणे नव्हे. मान्य.

तरीही फरक उरतो. ती शांतता हजार माणसांनी एकत्र सोसली, एकमेकांचे चेहरे पाहत बाहेर पडली. त्यावर घरी, कट्ट्यावर, कॉलेजात भांडणे झाली. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थिएटरमध्ये प्रत्येकाला आपल्या अंगावर आल्यासारखा वाटला, कारण टाळता येत नव्हता. तोच शेवट टीव्हीवर लागला की लगेच साबणाची जाहिरात येते आणि दगड मध्येच विरतो. जमाव आपोआप समतावादी होत नाही. पण जिथे जमाव आहे तिथे वाद शक्य आहे. वाद शक्य आहे तिथे आपले काम आहे.

पाहणे पुन्हा सामूहिक करू या

म्हणून चित्रपट विरुद्ध टीव्ही अशी निवड करायचीच नाही. टीव्हीने दिलेली ओळख घ्यायची आणि तिला टॉकीजसारखा समूह द्यायचा. हे होऊ शकते, याचा पुरावा कर्नाटकात आहे. अँड टीव्हीवरची बाबासाहेबांवरची हिंदी मालिका २०२० मध्ये कन्नडमध्ये 'महानायक' नावाने दाखवली गेली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी तिच्या स्वागताचे फलक चौकात लावले. वाहिनीच्या प्रमुखाला धमक्या आल्या. बघा काय झाले : घरात पाहिली जाणारी मालिका लोकांनी चौकात आणली, आणि चौकात आणताच विरोधकही जागे झाले. कारण त्यांनाही माहीत आहे, की घरात एकटा पाहणारा प्रेक्षक धोकादायक नसतो. बाहेर येऊन "आम्ही हे पाहतो" म्हणणारा समूह धोकादायक असतो.

आज प्रश्न अधिक बिकट आहे. २०२१ मध्ये 'जय भीम' हा चित्रपट थिएटरऐवजी थेट ओटीटीवर आला. मोबाईलमध्ये चित्रपट आणि टीव्ही दोन्ही विरघळले आहेत. टीव्हीसमोर निदान कुटुंब तरी एकत्र होते. मोबाईलसमोर माणूस कानात इअरफोन घालून एकटाच. एका खोलीत चौघे चार वेगळ्या गोष्टी पाहतात. आपला तरुण रात्री बारा वाजता बाबासाहेबांची रील पाहतो, त्याच्या पुढच्याच रीलमध्ये बाबासाहेबांची बदनामी असते, आणि त्यावर बोलायला शेजारी कोणी नसते. विल्यम्सचा प्रवाह आता खिशात आहे.

लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया यांसारख्या आपल्या वाहिन्या उभ्या राहिल्या, ही मालकीच्या दिशेने गरजेची पावले आहेत. पण फक्त वाहिनी आपली असून पुरत नाही, पाहण्याची रीतही आपली हवी. आपल्याकडे त्याची परंपरा आहे. आंबेडकरी जलसे याच रीतीचे होते. शाहीर गात आणि वस्ती उत्तर देत असे. वामनदादांच्या गाण्याला प्रेक्षक नव्हते, साथीदार होते.

त्यामुळे माझा आग्रह साधा आहे. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात महिन्यातून एक रात्र पाहण्याची ठेवा. भाड्याचा प्रोजेक्टर आणि पांढरी चादर पुरते. 'जय भीम कॉम्रेड' लावा, 'फँड्री' लावा, श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची मालिका एकेक भाग करून लावा. मालिका आहे म्हणून ती घरातच पाहायची असा काही नियम नाही. नुसते आपलेच नको. जे घराघरांत चालते आहे तेही लावा, थांबवा, मागे न्या आणि विचारा : हे कोणी बनवले, कोणाच्या पैशाने, यात आपण कुठे आहोत आणि का? आया-बहिणींना पुढे बसवा, कारण टीव्हीबरोबर सर्वांत जास्त वेळ त्यांचा जातो आणि त्याच्याबद्दल त्यांना सर्वांत कमी विचारले जाते. पाहून झाल्यावर अर्धा तास बोलल्याशिवाय कोणी उठायचे नाही, एवढा एकच नियम ठेवा.

१९८८ च्या त्या शुक्रवारी आपण रस्त्यावर जिंकलो आणि रविवारी घरात हरलो. रस्ता आपल्याला येतो. आता घरातला पडदा वस्तीत आणायला शिकले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!